आत कोण ओढतंय?

गोफणीतून सुटलेला दगड कोणत्या दिशेने जातो? वसमत तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे सर बारावीचा पहिला धडा या प्रश्नाने सुरू करतात. फळ्यावर एक वर्तुळ, वर्तुळावर दगड, मधोमध हात. निम्मा वर्ग बाण काढतो तो हातापासून थेट बाहेर. काही जण सुटलेल्या दगडालाही वळण देतात. आणि बहुतेक वर्षी एखादा पोरगा असा निघतो, ज्याने ज्वारी हुरड्यात आलेली असताना माळ्यावर उभे राहून पाखरे राखलेली असतात. तो काही न बोलता खडू घेतो आणि वर्तुळाला नुसती स्पर्श करून जाणारी सरळ रेघ ओढतो. ‘दोरी पाखरांकडं असताना सोडली तर दगड भलतीकडंच जातो, सर.’ दोरी निशाण्याशी काटकोनात आली की सोडायची, हे त्याला हाताने माहीत असते. न्यूटनचा पहिला नियम त्याने नववीत पाठ केलेला असतो. तोच नियम या रेघेत आहे, हे कुणी त्याला सांगितलेले नसते.

राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात चक्रीय गतीचा धडा पहिलाच आहे. उतार दिलेली वळणे, उंचवट्याच्या पुलावरून जाणारी गाडी, मौत का कुआँ, दोरीला टांगून फिरवलेला गोळा, पुढे जडत्व आघूर्ण आणि कोनीय संवेग. धडा चांगला आहे, उदाहरणेही जिवंत आहेत. अडचण वेगळीच. जूनमध्ये वर्गात येणारी बरीच मुले तोवर नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांतून सूत्रे पाठ करून आलेली असतात. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे ती झोपेतही सांगतील. बळ कोणत्या दिशेला, असे विचारले की बाण पुन्हा बाहेर.

सरांनी यावर एकच प्रश्न धरून ठेवला आहे: आत कोण ओढतंय? गोल फिरणारी कोणतीही वस्तू क्षणोक्षणी सरळ जाऊ पाहते. तिला वळवायचे तर प्रत्येक क्षणी कुणीतरी केंद्राकडे ओढले किंवा ढकलले पाहिजे. हे अभिकेंद्री बळ म्हणजे निसर्गातले कुठले नवे बळ नव्हे. कधी ते दोरीचा ताण असते, कधी रस्त्याचे घर्षण, कधी भिंतीचा रेटा, कधी गुरुत्वाकर्षण. तेव्हा आधी तो ओढणारा शोधायचा, आकडेमोड मागून. ओढणारा सापडला नाही तर वस्तू वळणारच नाही. एसटी वळली की आपण बाहेर फेकलो गेल्यासारखे वाटते ते आपण एसटीत बसलेलो असतो म्हणून; रस्त्याकडेला उभ्या माणसाला दिसते ते एवढेच, की गाडी वळली आणि आतला प्रवासी सरळ निघाला होता, त्याला खिडकीने अडवले.

गोफणीचे गणित मग मुले स्वतःच करतात. शंभर ग्रॅमचा दगड, एक मीटर त्रिज्या, सेकंदाला तीन फेरे. वेग निघतो ताशी सुमारे ६८ किलोमीटर, आणि दोरीवरचा ताण साडेतीन किलो वजनाइतका. शंभर ग्रॅमचा दगड हाताला साडेतीन किलोचा लागतो, म्हणून गोफणीची वादी मजबूत विणावी लागते.

खरी प्रयोगशाळा मात्र फेब्रुवारीनंतर उघडते.

हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात वाहनांच्या रांगा लागतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गावोगावच्या शेतांत हळद शिजवण्याच्या कढया आणि कुकर पेटलेले असतात. शिजवून वाळवलेली हळद दिसायला काही देखणी नसते. काळपट, खवल्यांची, मुळ्यांचे धागे चिकटलेली. तिला भाव येतो तो पॉलिश झाल्यावर. त्यासाठी ट्रॅक्टरला जोडलेला लोखंडी जाळीचा आडवा ड्रम असतो. हळकुंडे आणि गट्टू त्यात भरून ड्रम फिरवला की माल एकमेकांवर आणि जाळीवर घासतो, साल आणि माती भुसा होऊन खाली पडते, आणि आसपासची माणसे पायापासून भुवयांपर्यंत पिवळी होतात.

अकरावीची परीक्षा आटोपली की सर मुलांना एक काम देतात. शेजारपाजारच्या शेतात ड्रम चालू असेल तर टेपने त्याचा व्यास मोजायचा आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोबाइलवर चित्रण करून मोजायचे. वह्या येतात त्या हळदीचे डाग घेऊनच. ड्रम लहानमोठे, कुणाचा तीन फुटी, कुणाचा पाच फुटी. फेऱ्यांचा आकडा मात्र तीसच्या आगेमागे घुटमळतो. दुप्पट वेगाने फिरवला तर काम निम्म्या वेळात होईल, मग कुणीच तसे का करत नाही, हा प्रश्न मुलांनाच पडतो.

याचे उत्तर सरांना आधी ड्रमवाल्या मामांकडून ऐकायला मिळाले होते. मामांचा ड्रम भाड्याने गावोगाव फिरतो. फेरे मोजायचे यंत्र त्यांच्याकडे नाही. ते कानाने मोजतात. ‘खडखड ऐकू येतीय तवर पॉलिश चालू हाय, सर. आवाज बंद पडला की समजायचं, माल ड्रमला चिकटला. मग नुसतं डिझेल जाळायचं काम.’ काहून चिकटतो, असे सरांनी विचारल्यावर मामा हसले आणि म्हणाले, ते तुम्ही सांगायचं.

सर वर्गात ते असे सांगतात. ड्रमच्या माथ्यावर पोहोचलेल्या एका हळकुंडाचा विचार करू. त्याला वळायचे आहे, म्हणजे केंद्राकडे, या जागी खाली, ओढले जायला हवे. आत कोण ओढतंय? दोघे आहेत: जाळीचा रेटा आणि हळकुंडाचे वजन. फेरे कमी असतील तर वळायला जेवढी ओढ लागते त्याहून वजनाची ओढ जास्त होते. हळकुंड वर्तुळ सोडते आणि खाली पडते. पडते म्हणून घासते, घासते म्हणून चकाकते. फेरे वाढवत नेले की एक वेळ अशी येते, की वळायला लागणारी ओढ वजनाइतकीच होते. त्यापुढे वजन पुरत नाही, उरलेला रेटा जाळी देते. जाळी रेटा देते याचा अर्थ हळकुंड जाळीला टेकूनच राहते. ड्रम फिरतो, हळद त्याच्यासोबत फिरते, एकमेकांवर काहीच घासत नाही. मामांचा आवाज बंद पडतो तो इथे.

ही सीमा काढायला सूत्र एका ओळीचे आहे: कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या बरोबर गुरुत्व त्वरण. ९० सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमला ती मिनिटाला साधारण ४५ फेऱ्यांवर येते, १२० सेंटिमीटरला ३९ वर, दीड मीटरला ३४-३५ वर. म्हणजे ड्रम जितका मोठा तितका संथ फिरवायला हवा. गंमत अशी की या हिशेबात वजन कुठेच उरत नाही. जाड गट्टू आणि बारीक हळकुंड एकाच फेऱ्यांवर चिकटतात. भारी माल उशिरा चिकटेल असा वर्गाचा अंदाज इथे साफ पडतो. अर्थात हे पाठ्यपुस्तकी चित्र झाले. प्रत्यक्षात ड्रममध्ये मालाचे थर असतात, आतल्या थराची त्रिज्या कमी, त्यामुळे त्याला सुटायला जास्त मोकळीक असते. तरी मोठ्या ड्रमचे आकडे मामांच्या कानाशी छान जुळतात.

ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, ठरावीक इंजिनवेगाला मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्यावरून ड्रमचे ३० फेरे काढायचे म्हणजे गिअर आणि पुल्यांनी अठराव्या हिश्श्यावर आणायचे. दीड मीटरचा ड्रम या वेगाला माथ्याच्या सुमारे ४१ अंश आधी हळद सोडतो; ती तिरकी झेप घेऊन खालच्या मालावर आदळते. कुणी घाईने थ्रॉटल ओढून पीटीओ साडेसहाशेवर नेला, तर ड्रम ३६ वर जातो आणि माल चिकटतो. तीस आणि छत्तीस, एवढाच फरक. सोयाबीनच्या मळणीत हेच गणित दुसऱ्या अंगाने येते. बियाण्याचे सोयाबीन काढताना ड्रमचे फेरे चारशेच्या आसपास ठेवा, असा सल्ला दिला जातो, कारण तिथे प्रश्न दाण्यावर बसणाऱ्या फटक्याचा असतो. फटका ठरतो दात्यांच्या टोकाच्या वेगावर, आणि तो वेग म्हणजे फेरे गुणिले त्रिज्या. वसमतच्या वर्कशॉपमधला मिस्त्री ‘मोठी पुली टाका’ म्हणतो, तेव्हा तो हेच सूत्र वापरत असतो.

बाहेर फेकण्याचा भ्रम सर्वांत पक्का बसतो तो साखर कारखान्यात. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे वर्गातल्या अनेकांच्या घरचा ऊस तिकडे जातो. कोणत्याही साखर कारखान्यात दाणे आणि मळी वेगळी करायला सेंट्रिफ्यूगल यंत्र असते: जाळीची टोपली, मिनिटाला हजाराहून अधिक फेरे. ६० सेंटिमीटर त्रिज्या आणि १,२०० फेरे धरले, तर कडेच्या दाण्याला लागणारी ओढ त्याच्या वजनाच्या सुमारे साडेनऊशे पट भरते. दाण्याला ही ओढ जाळी देते. मळीच्या थेंबाला भोक सापडते, तिथे रेटा द्यायला कुणी नसते, आणि तो गोफणीतल्या दगडासारखा स्पर्शरेषेने निघून जातो. त्याला कुणी फेकलेले नसते. त्याला अडवायचे कुणी राहिलेले नसते, इतकेच.

उसाच्या ट्रॉलीचे गणित मात्र हसत-खेळत होत नाही. वळणावर ट्रॉलीला आत ओढते ते टायर आणि रस्त्यामधले घर्षण, आणि ते जमिनीच्या पातळीवर लागते. उसाने उंच भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर असतो. चाकांमधले अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य दोन मीटर उंच, वळणाची त्रिज्या २५ मीटर धरली तर सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरलाच आतली चाके उचलू लागतात. घसरण्याच्या आधीच ती कलंडते. महामार्गावर वळणांना बाहेरच्या कडेने उंची दिलेली असते, तिथे रस्त्याचा रेटाच थोडा आत कलतो आणि घर्षणावरचा भार कमी होतो. शिवारातल्या वाटेला असा उतार कोण देणार? हंगामात उलटलेली ट्रॉली या भागात कुणीही पाहिलेली असते, म्हणून हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो.

हिंगोलीच्या दसऱ्याला, रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात, मौत का कुआँ पाहिलेली मुले वर्गात असतात. तिथे आत रेटणारी असते लाकडी भिंत, आणि खाली पडू न देणारे घर्षण. पाच मीटर त्रिज्या आणि घर्षणांक ०.५ धरला तर ताशी ३६ किलोमीटर पुरतात. पुस्तकात हे उदाहरण आहे, परीक्षेतही येते; सर त्यावर फार वेळ घालवत नाहीत.

एखादी मुलगी मात्र दरवेळी मोठा प्रश्न विचारते. पृथ्वी फिरते तर आपण का फेकले जात नाही? हिंगोलीच्या अक्षांशावर माणूस पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर वेगाने फिरतो आहे. आकडा ऐकून वर्ग दचकतो. पण त्रिज्या सहा हजार किलोमीटर आहे आणि फेरा दिवसाला एकच. इतक्या मंद वळणाला लागणारी ओढ आपल्या वजनाच्या हजारात तीन भाग इतकीच. गुरुत्वाकर्षण ती सहज देते आणि उरलेल्या ९९७ भागांनी आपल्याला जमिनीवर ठेवते.

इथून दुधाळा एका वाक्याच्या अंतरावर आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या या गावाच्या माळावर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी तिची पायाभरणी झाली. एकमेकींशी काटकोनात प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेसर, आणि टोकांना टांगलेले आरसे. जिल्ह्यात याबद्दल बोलले जाते ते जमीन, रस्ते आणि नोकऱ्यांच्या अंगाने, आणि ते स्वाभाविकच आहे. २१ मार्च २०२४ ला जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा, आता या यंत्राचे कसे होणार, असेही मुलांनी विचारले. पण तिथे नेमके काय ऐकणार आहेत, हे विचारणारे कमी. सरांचे उत्तर तयार असते: गोल फिरणे ऐकणार आहेत.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या हॅनफोर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकत्र झाली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर. ती खूण जेमतेम ०.२ सेकंद टिकली आणि तेवढ्यात तिची वारंवारता सेकंदाला ३५ कंपनांवरून अडीचशेपर्यंत चढली. लहर सर्वांत जोरात होती तेव्हा ती दीडशेच्या आसपास होती. अर्ध्या फेऱ्यानंतर जोडीची मांडणी पुन्हा तशीच दिसते, म्हणून एका फेऱ्यात लहरीची दोन आवर्तने होतात. तेव्हा फेरे सेकंदाला ७५. मिनिटाला ४,५००. ट्रॅक्टरचे इंजिन जोरात असतानाही याच्या निम्म्यावर असते, आणि इथे फिरत होते ते सूर्याहून कितीतरी पट जड गोळे.

आता तोच प्रश्न. आत कोण ओढतंय? एक कृष्णविवर दुसऱ्याला. दोरी नाही, जाळी नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. सर मुलांना केप्लरचा नियम वापरायला सांगतात, जो त्यांनी दहावीत शिकलेला असतो: एकूण वस्तुमान सूर्याच्या ६५ पट, फेरे सेकंदाला ७५, तर दोघांतले अंतर किती? गणकयंत्रावर उत्तर येते ३४० किलोमीटरच्या आसपास. हिंगोली ते पुणे सरळ रेषेतले अंतर याहून थोडे जास्तच आहे. एकट्या सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. मग पासष्ट सूर्यांचा ऐवज एवढ्या जागेत बसवायचा तर तो तारा असूच शकत नाही, कृष्णविवरच हवे. इतक्या जवळ न्यूटनचे गणित काटेकोर उरत नाही, आइन्स्टाइनचे लागते. पण शोध जाहीर करणाऱ्या निबंधातही सुरुवातीचा युक्तिवाद याच साध्या हिशेबाने केलेला आहे. बारावीच्या वहीत तो अर्ध्या पानात मावतो, आणि सरांच्या मते सबंध वर्षातले हे सर्वांत मोलाचे अर्धे पान आहे.

हुशार मुले इथे अडतात. लहरींबरोबर ऊर्जा निघून जाते, तर फेरे कमी व्हायला हवेत. ते वाढतात कसे? ऊर्जा गेली की जोडी आत सरकते, आणि आत सरकताना गुरुत्वाकर्षण जेवढी ऊर्जा मोकळी करते तिचा निम्मा भाग लहरींत जातो, निम्मा वेग वाढवायला उरतो. गमावत जाईल तशी जोडी जोरात फिरते. हल्स आणि टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या ताऱ्यांच्या जोडीत हे लहरी पकडण्याच्या कितीतरी आधी दिसले होते. तिचा पावणेआठ तासांचा फेरा दरवर्षी सेकंदाच्या सुमारे ७६ दशलक्षांशांनी लहान होतो आहे. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास काम सुरू केले ते याच चढत जाणाऱ्या फेऱ्यांची खूण यंत्राच्या गोंगाटातून कशी ओळखायची यावर. मामा ड्रमच्या आवाजावरून फेरे ओळखतात, याची सर तेव्हा मुद्दाम आठवण करून देतात, आणि वर्ग हसतो.

धडा संपला की सर एक गणित देतात, जे ना मंडळाच्या परीक्षेत येते ना सीईटीत. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा व्यास सहा सेंटिमीटर धरा. त्यात गमछ्याचे टोक अडकले तर सेकंदाला किती कापड गुंडाळले जाईल? उत्तर, एक मीटर सत्तर सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ सबंध गमछा. डोळ्यांना दिसून हात हलायलाच पाव सेकंद लागतो. ट्रॅक्टरवर चढून क्लच दाबायला किती लागेल, ते ज्याने त्याने घड्याळ लावून पाहावे.

हळदीच्या शेतात ड्रमभोवती बाया, पोरे, पोती उचलणारे गडी सगळेच वावरत असतात, आणि शाफ्टवरचे कव्हर अनेकदा ग्रीस भरताना काढून बाजूला ठेवलेले असते. येत्या हंगामात ड्रम ट्रॅक्टरला जोडण्याआधी ते कव्हर जागेवर आहे का, हे बघून घ्या. नसेल तर वसमत, हिंगोली, कळमनुरी, कुठल्याही वर्कशॉपमध्ये बसवून मिळेल. आणि ते बसेपर्यंत पदर, ओढणी आणि गमछा घेऊन कुणालाही शाफ्टच्या बाजूला जाऊ देऊ नका.